परिचारिकेची उसंत आणि रुग्णाची सुरक्षितता



रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या तोंडी दिवसातून सर्वांत अधिक वेळा कोणता शब्द येत असेल, तर तो ‘सिस्टर’ हा होय. डॉक्टरांची फेरी ठरलेल्या वेळी होते; नातेवाईक भेटीच्या वेळेत येतात आणि जातात. परंतु सलाईन संपत आले, ताप चढला, टाके ठणकू लागले किंवा मध्यरात्री नुसतीच भीती वाटू लागली, तरी हाक जाते ती परिचारिकेला. ही हाक ऐकणाऱ्या व्यक्तीने दुपारी दोन घास खाल्ले की नाहीत, आदल्या रात्री तिची पाठ अंथरुणाला टेकली की नाही, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

परिचारिकेची उसंत हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हा विषय परिचारिकांच्या सोयीपुरताच आहे आणि इतरांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, अशी समजूत होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. थकलेल्या हाताने भरलेली सिरिंज अखेर रुग्णालाच टोचली जाते. म्हणून परिचारिकेची विश्रांती हा रुग्णसेवेचाच एक भाग आहे, हे या विवेचनाचे पहिले सूत्र होय. ही विश्रांती परिचारिकेच्या एकटीच्या हाती नाही; ती मिळवून देण्याची जबाबदारी प्रशासनावर आणि समाजावरही आहे, हे दुसरे सूत्र. या व्यवसायात पुरुषही मोठ्या निष्ठेने काम करीत आहेत. येथे ‘परिचारिका’ असे म्हटले असले, तरी त्यात त्यांचाही समावेश आहे, हे सांगावयास नकोच.

त्यागाचा गौरव आणि त्याची मर्यादा

आपल्या समाजात सेवा आणि त्याग हे दोन शब्द जोडीने उच्चारले जातात. त्याला तशी उज्ज्वल परंपराही आहे. १८९७ साली पुणे परिसरात प्लेगची साथ पसरली असताना सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. ज्या काळी विधवा स्त्रीने घराबाहेर पडणेही अनेकांना रुचत नव्हते, त्या काळी परक्या रुग्णाची सेवा हा प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे, हे त्यांनी घरोघरच्या वडीलधाऱ्यांना पटवून दिले. या परंपरेपुढे कोणीही नतमस्तक व्हावे.

परंतु साथीच्या काळातील धर्म हा नेहमीच्या दिवसाचे वेळापत्रक होऊ शकत नाही. २०२० आणि २०२१ या वर्षांत कोविडच्या साथीत परिचारिकांनी संरक्षक पोशाख चढवून तासन्‌तास पाण्यावाचून काम केले आणि घरच्या माणसांपासून दूर राहून सेवा बजावली. ती असाधारण परिस्थिती होती. असाधारण प्रसंगी केलेला त्याग सामान्य दिवशीही अपेक्षिला जाऊ लागला, म्हणजे त्यागाचे रूपांतर झिजेत होते. गौरवाचे शब्द पुष्कळ मिळतात, पण रजेचा अर्ज मात्र पडून राहतो, अशी स्थिती अनेक ठिकाणी निर्माण होते.

आधुनिक परिचर्याशास्त्राचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. परिचर्या विद्यालयांतील शपथविधीच्या वेळी विद्यार्थिनींच्या हाती जो दीप असतो, तो त्यांचीच आठवण करून देतो. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली ३८ परिचारिकांचे पथक घेऊन त्या गेल्या, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. मात्र १८५५ साली त्या स्वतः तापाने अत्यवस्थ झाल्या होत्या आणि १८५६ मध्ये मायदेशी परतल्यानंतर आयुष्याची कित्येक वर्षे त्यांना अंथरुणाला खिळून काढावी लागली, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. या काळात त्यांनी लेखन केले, अहवाल तयार केले आणि कधीही न पाहिलेल्या हिंदुस्थानातील आरोग्याच्या प्रश्नांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. परिचर्येवरील त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरण कामाच्या आखणीवर आहे. परिचारिका हजर नसतानाही रुग्णाची व्यवस्था बिघडू नये, अशी आखणी करणे हे तिच्या कर्तव्यातच मोडते, असा त्याचा आशय आहे. परिचारिकेने अष्टौप्रहर रुग्णाजवळ उभे राहावे, असे आधुनिक परिचर्येच्या या आद्य शिक्षिकेलाही अभिप्रेत नव्हते. तिला विश्रांती घेता यावी आणि तरीही रुग्णाची आबाळ होऊ नये, अशी व्यवस्था त्यांना हवी होती.

शीण कशाला म्हणावे?

दिवसभराच्या कष्टाने येणारा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. परंतु काही थकवा असा असतो की, झोप घेऊनही तो उतरत नाही. सकाळी उठताच कामावर जाणे नकोसे वाटते, लहानशा कारणावरून रुग्णावर आवाज चढतो, आणि नंतर त्याचाच मनाला सल लागून राहतो. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मनोवैज्ञानिकाने १९७४ साली सेवाक्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या या अवस्थेचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिची नोंद घेतली. तेथे तिला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि आवरता न आलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था, असे तिचे स्वरूप सांगितले आहे. तिची तीन लक्षणे मानली जातात. शक्ती पूर्णपणे सरल्याची भावना हे पहिले. कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा हे दुसरे. आणि आपल्या हातून काही धड होत नाही, असे वाटणे हे तिसरे.

यातील दुसरे लक्षण विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘सिस्टर फार तुटक बोलतात’ ही रुग्णांची नेहमीची तक्रार असते. ही तक्रार आली की, संबंधित परिचारिकेला समज दिली जाते आणि प्रकरण मिटते. तो तुटकपणा स्वभावातून आला की शिणातून, याचा शोध घेतला जात नाही. एकाच पाळीत तेच ते प्रश्न पन्नास नातेवाइकांनी विचारले असता एकावन्नाव्या उत्तरातील गोडवा टिकविणे सोपे नाही. शिणलेल्या माणसाला उपदेशाने ताजेतवाने करता येत नाही. त्यासाठी त्याच्यावरील भार कमी करावा लागतो.

संख्येचा प्रश्न

भार कमी करावयाचा, तर प्रथम संख्येचा विचार करावा लागतो. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात त्या वेळच्या देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नमूद केले होते. तेव्हापासून आजवर परिस्थितीत मोठी सुधारणा झाली आहे. १९४७ च्या कायद्यान्वये भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली आणि जागोजागी परिचर्या विद्यालये व महाविद्यालये निघाली. तरीही मागणी आणि पुरवठा यांतील अंतर मिटलेले नाही. हा प्रश्न जगभरचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाखांची तूट होती.

भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणकानुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रजेसाठी ३० टक्के जादा मनुष्यबळ राखून ठेवावे. यातील रजेची राखीव तरतूद नीट समजून घेतली पाहिजे. परिचारिकाही आजारी पडेल, बाळंत होईल, तिच्या घरी लग्नकार्य निघेल, हे प्रमाणक ठरविणाऱ्यांनी गृहीत धरले होते. ही पदे रिक्त राहिली, की एकीच्या रजेचा बोजा दुसरीच्या पाठीवर पडतो. मग रजा मागणारीलाच अपराध्यासारखे वाटू लागते, आणि सहकारी मैत्रिणीही तिच्याकडे नाराजीने पाहू लागतात.

या बोजाचा परिणाम रुग्णावर किती होतो, याचे मापनही झालेले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे शस्त्रक्रियेचा एक रुग्ण वाढला, तर तीस दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिकेला अतिशीण येण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा करून रुग्ण आणि परिचारिका यांचे किमान प्रमाण ठरविण्याची तरतूद केली आणि २००४ पासून ती अमलात आणली. तेथील परिस्थिती आणि आपली परिस्थिती यांत अंतर आहे, हे खरे. पण रुग्णांची संख्या वाढली तरी परिचारिकेचे डोळे दोनच असतात, आणि हा नियम सर्व देशांना सारखाच लागू पडतो.

सावकाश करावयाची कामे

रुग्णालयात घाई अटळ असते. रक्तस्राव होत असलेल्या मातेजवळ कोणी संथपणे चालत जाणार नाही. परंतु घाईची कामे कोणती आणि सावकाश करावयाची कामे कोणती, हे वेगळे ओळखणे हेच कुशल परिचारिकेचे लक्षण होय. सगळीच कामे घाईने करण्याची सवय जडली, म्हणजे जेथे थांबावयास हवे तेथेही हात थांबत नाही.

औषध देणे हे असे थांबण्याचे पहिले ठिकाण आहे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पंचसूत्री प्रत्येक परिचारिकेने विद्यार्थिदशेत पाठ केलेली असते. ती वापरावयास काही क्षण लागतात. सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्यांवरील नावे वाचण्यासाठी लागणारे हे क्षण कोणत्याही कारणाने वाचवू नयेत. औषधांची ट्रॉली घेऊन परिचारिका फिरत असताना तिला हाक मारू नये, दूरध्वनीवर बोलावू नये, कागदावर सही मागू नये, असा शिरस्ता प्रत्येक कक्षाने घालून घ्यावा. त्याला खर्च काहीच येत नाही.

हात धुणे हे दुसरे ठिकाण. साबण व पाण्याने हात स्वच्छ धुण्यास ४० ते ६० सेकंद आणि निर्जंतुक द्रव चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. हे सेकंद जंतुसंसर्ग टाळण्यासाठी तर आवश्यक आहेतच. पण एका रुग्णाकडून दुसऱ्या रुग्णाकडे जाताना मिळणारी ती एक हक्काची उसंतही आहे. खांदे सैल सोडावेत, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत, मागच्या खाटेवरचा प्रसंग मनातून बाजूला ठेवावा आणि मगच पुढच्या खाटेकडे वळावे. दिवसातून अनेकदा करावयाच्या या कामाला अशी जोड दिली, तर विश्रांतीसाठी वेगळा वेळ काढता येत नसला, तरी थोडा विसावा नक्की मिळतो.

तिसरे ठिकाण पाळी बदलताना कामाची सूत्रे सोपविण्याचे. रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून, नोंदवही हातात घेऊन, राहिलेली कामे स्पष्ट सांगून ही सूत्रे दिली गेली, तर घरी जाणाऱ्या परिचारिकेचे मन मोकळे होते. घाईत सोपविलेले काम मात्र बसमध्ये, स्वयंपाकघरात आणि झोपेतही पाठ सोडत नाही. अमक्या खाटेवरचे इंजेक्शन सांगावयाचे राहिले, ही आठवण रात्री दोन वाजता दचकून जागे करते.

रात्रपाळी

मानवी शरीर दिवसा जागे राहण्यासाठी आणि रात्री निजण्यासाठी घडले आहे. रात्रपाळीत या नैसर्गिक चक्राविरुद्ध काम करावे लागते. दीर्घकाळ रात्रपाळी करण्याचे दुष्परिणाम इतके विचारात घेण्यासारखे आहेत की, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाचा समावेश ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात केला आणि २०१९ साली तो कायम ठेवला. यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. रात्रीची सेवा बंद ठेवता येणार नाही. परंतु पाळ्यांची आखणी विचारपूर्वक व्हावयास हवी, एवढा बोध यातून निश्चित घेता येईल.

सलग किती रात्री द्याव्यात, त्यानंतर सुटी किती असावी आणि रात्रपाळीहून आलेल्या परिचारिकेला त्याच दिवशी बैठकीला अथवा प्रशिक्षणाला बोलवावे काय, हे प्रश्न अधिसेविकांनी आणि वैद्यकीय अधीक्षकांनी स्वतःला विचारावेत. अमेरिकेतील परिचारिकांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून अधिक सलग काम केल्यास चूक होण्याची शक्यता तिपटीने वाढते, असे दिसून आले. पाळी संपल्यावर ‘जरा दोन तास थांबा’ असे सांगणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

परिचारिकेने स्वतः घ्यावयाची काळजीही साधी आहे. रात्रपाळीला जाण्यापूर्वी दुपारी झोप घ्यावी. मध्यरात्री हलके खावे. तळलेले पदार्थ टाळावेत. चहा पाळीच्या पूर्वार्धात घ्यावा. पहाटे घेतलेला चहा घरी गेल्यावर झोप येऊ देत नाही. दोघी कामावर असतील आणि नियमांची अनुमती असेल, तर आळीपाळीने वीस ते तीस मिनिटांची डुलकी घ्यावी आणि उठल्यावर लगेच औषधाला हात न लावता तोंड धुऊन थोडे फिरावे. घरी दिवसा झोपताना खोलीत अंधार करावा. अर्थात घरच्या मंडळींनीही रात्रपाळीहून आलेल्या स्त्रीची दुपारची झोप हा आळस समजू नये. तिच्या झोपेच्या वेळी पाहुणे बोलावणे, मिक्सर लावणे, ‘घरीच आहेस तर’ म्हणून कामे सांगणे हे सारे टाळता येण्यासारखे आहे. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ असे आपल्याकडे म्हणतात. रात्रपाळीच्या घरात आधी झोप आणि मग पोटोबा, असा क्रम लावावा लागेल.

पाणी, पाठ आणि पाय

लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच न पिणे, ही अनेक परिचारिकांना जडलेली सवय आहे. कक्षाजवळ कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह नसणे हे तिचे एक मुख्य कारण. त्यातून डोकेदुखी, मूत्रमार्गाचा दाह, बद्धकोष्ठ असे विकार उद्भवतात. पाण्याची बाटली नजरेसमोर ठेवणे परिचारिकेच्या हाती आहे. कडी लागणारे स्वच्छतागृह देणे मात्र संस्थेच्या हाती आहे.

रुग्णाला उचलताना कंबरेत वाकल्याने पाठीचे दुखणे कायमचे मागे लागते. वजनदार रुग्णाला एकटीने उचलू नये. दोघींनी मिळून, चादरीचा आधार घेऊन, गुडघ्यात वाकून रुग्णाला सरकवावे. मदतीसाठी मावशीला किंवा वॉर्डबॉयला हाक मारण्यात कमीपणा नाही. दिवसभर उभे राहिल्याने पायांच्या शिरा फुगतात. म्हणून घरी गेल्यावर पाय उशीवर उंच ठेवून पंधरा-वीस मिनिटे पडून राहावे. नोंदी लिहिण्याचे काम शक्य तेव्हा बसून करावे आणि त्यासाठी कक्षात खुर्ची असावी. बसलेली परिचारिका दिसली की, ती रिकामी आहे असा तर्क करण्याची सवय वरिष्ठांनी आणि नातेवाइकांनी सोडून द्यावी.

मनावरचे ओझे

ज्या बालकाला तीन दिवस मांडीवर घेऊन औषध पाजले, ते चौथ्या दिवशी पहाटे गेले, तर परिचारिकेने काय करावे? प्रचलित उत्तर असे की, खाट स्वच्छ करून पुढील रुग्ण घ्यावा. काम थांबवता येत नाही, हे खरेच आहे. परंतु त्या दिवशी पाळी संपण्यापूर्वी परिसेविकेने संबंधित परिचारिकेला दहा मिनिटे जवळ बसवून बोलते करावे. जे करता आले ते तू केलेस, हे शब्द वरिष्ठाच्या तोंडून ऐकण्याने जो दिलासा मिळतो, तो औषधाने मिळत नाही. चूक झाली असल्यास तीही अशाच विश्वासाच्या वातावरणात उघड होते. शिक्षेच्या धाकाने चुका दडविल्या जातात, आणि दडविलेली चूक पुन्हा घडते.

झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, वारंवार रडू येणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिली, तर वैद्यकीय सल्ला घेण्यास संकोच करू नये. जगण्यात अर्थ नाही असे मनात येताच मात्र दोन आठवडे वाट पाहण्याचे कारण नाही. त्याच दिवशी मदत मागावी. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक सर्वांसाठी आहे. इतरांना समुपदेशनाचा मार्ग दाखविणाऱ्या परिचारिकेने तो स्वतःसाठीही वापरावा, यात लाजण्यासारखे काही नाही.

उपकेंद्रातील आरोग्य सेविका

ग्रामपंचायत सदस्यांच्या नित्य परिचयाची परिचारिका म्हणजे उपकेंद्रातील आरोग्य सेविका होय. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे प्रमाणक आहे. तीन हजार हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण सातपुड्यातील पाडे किंवा कोकणातील वाड्या एकमेकींपासून किती दूर असतात, हे चालून पाहणाऱ्यालाच कळते. गरोदर मातांची तपासणी, बाळंतपण, लसीकरण, कुटुंबकल्याण, क्षयरुग्णांचा पाठपुरावा आणि या सर्वांच्या नोंदी हे तिचे काम. त्यात भर म्हणजे तिला कामाची ठरावीक वेळच राहत नाही. मुख्यालयी राहणाऱ्या सेविकेचे दार रात्री अकरालाही वाजते. कधी बाळंतपणासाठी, तर कधी डोकेदुखीच्या गोळीसाठी.

बाळंतपणासाठी दार वाजलेच पाहिजे. गोळीसाठी वाजविण्याची आवश्यकता नाही. हा फरक गावाला समजावून सांगण्याचे काम सेविकेने एकटीने केले, तर ती उद्धट ठरते. सरपंचांनी ग्रामसभेत सांगितले, तर तो गावाचा नियम ठरतो.

कोणी काय करावे?

आता दुसऱ्या सूत्राकडे वळता येईल. परिचारिकेला ‘स्वतःची काळजी घ्या’ असे सांगणे सोपे आहे. परंतु ती काळजी घेण्यास लागणारा वेळ, जागा आणि माणसे तिच्या हाती नसतील, तर तो उपदेश तिच्या कामांच्या यादीत आणखी एका कामाची भर घालण्यापलीकडे काही करत नाही.

अधिकाऱ्यांनी पाळ्यांचा तक्ता किमान महिनाभर आधी लावावा, साप्ताहिक सुटी ऐनवेळी रद्द करू नये, आणि सुटी रद्द करावी लागलीच तर बदली सुटीची तारीख त्याच आदेशात नमूद करावी. एकच माहिती तीन नोंदवह्यांत आणि दोन संगणकीय प्रणालींत भरावी लागत असेल, तर त्यातील कोणती नोंद वगळता येईल, हे तपासावे. प्रत्येक रुग्णालयात परिचारिकांसाठी पंखा, पिण्याचे पाणी आणि दरवाजाला कडी असलेली एक विश्रांतीची खोली असावी व तिचा वापर सामान ठेवण्यासाठी होऊ देऊ नये. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेला प्रतिबंध करणारा अधिनियम महाराष्ट्रात २०१० साली झाला आहे; त्याची माहिती देणारा फलक दर्शनी भागी लावावा. भयाच्या छायेत काम करणाऱ्याला विश्रांतीच्या खोलीतही विश्रांती मिळत नाही.

शिक्षकांचे कार्य दूरगामी स्वरूपाचे आहे. परिचर्या विद्यालयांतील शिक्षकांनी विद्यार्थिनींना रुग्णाला उचलण्याची पद्धत शिकविताना स्वतःची पाठ वाचविण्याची पद्धतही शिकवावी, आणि मदत मागणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही, हे बिंबवावे. शाळांतील शिक्षकांनी मुलांना रुग्णालयातील वागणुकीचे साधे पाठ द्यावेत. भेटीच्या वेळा पाळणे, एका रुग्णाजवळ एकानेच थांबणे आणि हलक्या आवाजात बोलणे या सवयी शाळेत लागल्या, तर उद्याचा नातेवाईक परिचारिकेचा भार वाढविणारा न होता हलका करणारा होईल.

पंचायत सदस्यांनी आपल्या उपकेंद्राची एकवार पाहणी करावी. सेविकेच्या निवासाचे छप्पर गळते काय, नळाला पाणी येते काय, स्वच्छतागृहाचे दार लागते काय, रात्री अंगणात दिवा असतो काय, एवढे चार प्रश्न पुरेत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात अपेक्षित आहे; तिच्या बैठकीत हे प्रश्न मांडून नोंदवावेत. आडवाटेच्या वस्तीवर लसीकरणाला जाण्याच्या दिवशी तिच्यासोबत कोणी जाणार आहे काय, हेही विचारावे. सेविकेच्या सत्कारासाठी शाल आणि श्रीफळ देण्याची प्रथा चांगलीच आहे. त्या शालीबरोबर दाराची कडीही बसवून दिली, तर तो सत्कार वर्षभर टिकेल.

परिचारिका भगिनी आणि बंधूंनीही एक गोष्ट मनाशी ठरवावी. जेवणाच्या वेळी सहकारिणीच्या रुग्णांकडे मी पाहीन आणि माझ्या वेळी तिने पाहावे, असा आपसांतील करार प्रत्येक कक्षाने करावा. शासकीय आदेशाची वाट न पाहता उद्याच्या पाळीपासून तो अमलात येऊ शकतो. दुपारी वीस मिनिटे बसून, डबा उघडून, सावकाश चावून खाल्लेले जेवण ही मोठी गोष्ट आहे. ते घेऊन कक्षात परतलेल्या परिचारिकेची नजर स्थिर असते, हात स्थिर असतो, आणि ‘सिस्टर’ अशी हाक आली असता ‘काय होतंय?’ असे विचारण्याइतकी माया तिच्या आवाजात शिल्लक असते. रुग्णाला हवी असते ती हीच.